निपाणीच्या गच्चीवरून रोझेट तेजोमेघ: आधी फिल्टर की आधी कॅमेरा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीत गावातच घर. ८० मिलिमीटरची एफ/६ दुर्बीण, बरी इक्वेटोरियल माउंट (ताऱ्यांबरोबर फिरणारा स्टँड) पण गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहणं) नाही, आणि एक जुना डीएसएलआर. रोझेट तेजोमेघाचे दोन-दोन मिनिटांचे ४० फोटो काढून स्टॅक केले, म्हणजे एकावर एक रचून एक केले, तर आकाश राखाडी-पांढरं आणि मधे कुठंतरी गुलाबी डाग. त्यात समोरच्या खांबावर नवा एलईडी दिवा बसलाय. आता ड्युअल-बँड फिल्टर (दोनच अरुंद रंगपट्टे सोडणारा) घ्यावा, मोनो म्हणजे कृष्णधवल कॅमेऱ्यासाठी पैसे साठवावेत, की दर अमावास्येला सगळं सामान गाडीत घालून गोव्याच्या वाटेवरच्या अंधाऱ्या चोर्ला घाटाकडं जावं?

मी बेळगावात शहापूरच्या गच्चीवरून हाच उद्योग बरीच वर्षं करतोय, म्हणून उत्तर आधीच सांगून टाकतो. गच्ची सोडू नका. मोनो कॅमेरा इतक्यात नको. फिल्टर जरूर घ्या, पण त्याचे पैसे मोजण्याआधी तुमच्या डीएसएलआरच्या पोटात बसलेला फिल्टर बाहेर काढा. तुमचा गुलाबी डाग एवढा पुसट का, याचं निम्मं उत्तर त्या काचेत आहे. खांबावरचा दिवा त्यानंतर येतो.

रोझेटचा तांबडा उजेड जवळजवळ सगळा हायड्रोजन-अल्फा रेषेचा, म्हणजे ६५६.३ नॅनोमीटरचा. माणसांचे चेहरे लालबुंद दिसू नयेत म्हणून कॅमेरा बनवणारे सेन्सरसमोर एक निळसर काच बसवतात. ती ६०० नॅनोमीटरच्या पुढचा तांबडा हळूहळू दाबत नेते, आणि ६५६ ला पोचेपर्यंत जेमतेम पाव हिस्सा शिल्लक राहतो. तुम्ही ८० मिनिटं उजेड गोळा केलात, पण हायड्रोजनच्या बाबतीत सेन्सरला मिळाली वीस मिनिटं. अशा कॅमेऱ्यावर महागडा फिल्टर चढवणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना.

ही काच काढून घेण्याला आपण ‘मॉडिफाय करणं’ म्हणतो. काम बारीक आहे, घरी करू नका. माझा पहिला कॅमेरा मी ओळखीतल्या एका दुरुस्तीवाल्याकडं दिला. त्यानं काच काढली, पण सेन्सरवर कापसाचा एक तंतू ठेवून दिला, आणि पुढं वर्षभर माझ्या प्रत्येक तेजोमेघाच्या डाव्या कोपऱ्यात एक अळी वळवळत होती. म्हणून ज्यानं हे काम आधी केलंय त्यालाच द्या. काच गेली की ऑटोफोकस आणि व्ह्यूफाइंडरचा फोकस बहुधा चुकतो. आपल्याला त्याचं काही नाही, आपण लाइव्ह-व्ह्यूवरच फोकस करतो. मात्र त्या कॅमेऱ्यानं घरचं लग्न काढायला जाऊ नका, वधू-वर दोघंही जास्वंदीच्या रंगाचे येतील.

आता फिल्टरचं गणित. फिल्टर तेजोमेघाचा उजेड वाढवत नाही, हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं बसू द्या. तो फक्त बाकीचा उजेड अडवतो. तुमच्या सेन्सरवरच्या तांबड्या पिक्सेलला ढोबळमानानं १०० नॅनोमीटर रुंदीचा पट्टा दिसतो. त्यातला ७ नॅनोमीटरचा काप ठेवून बाकीचा फेकला, तर खांबाचा, बाजारपेठेचा, चंद्राचा असा पसरट उजेड चौदावा हिस्सा उरतो. हायड्रोजनची रेषा मात्र त्या कापाच्या आत असल्यामुळं जवळजवळ पूर्ण येते. फोटोतला गोंगाट, म्हणजे दाणेदार खरखर, आकाशाच्या उजेडाच्या वर्गमुळाप्रमाणं कमी होतो, आणि दुप्पट स्वच्छ फोटोसाठी चौपट वेळ लागतो. हे दोन्ही जोडलं की असं निघतं: अशा आकाशाखाली फिल्टर लावून काढलेला एक तास हा फिल्टरशिवायच्या सुमारे चौदा तासांच्या तोलाचा, फक्त हायड्रोजनपुरता.

हाच हिशेब चोर्ल्याला लावून बघा. गावातल्या आणि चोर्ल्याजवळच्या कणकुंबीच्या आकाशात अडीच मॅग्निट्यूडचा (हे खगोलातलं तेजाचं माप) फरक धरला तर तो दहापट होतो. म्हणजे हायड्रोजनच्या तेजोमेघासाठी सात नॅनोमीटरची काच आणि घाटातला अंधार यांची ताकद साधारण सारखीच. पण काच रोज रात्री गच्चीवर हजर असते. घाटात जायचं तर अमावास्या, शनिवार आणि स्वच्छ हवा यांचा मेळ बसावा लागतो. वर गोव्याकडं जाणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट, धुकं, आणि भीमगडच्या बाजूला अस्वल. मी कणकुंबीला जातो, पण कृत्तिका किंवा देवयानी दीर्घिका काढायची असेल तरच. कृत्तिकेभोवतीची धूळ ताऱ्यांचाच उजेड परावर्तित करते. तो सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तिथं अरुंद फिल्टर निरुपयोगी. तिथं अंधारच लागतो.

पूर्वी शहरात पिवळे सोडियम दिवे होते तेव्हा साधा प्रकाशप्रदूषणाचा फिल्टरही चालून जायचा, कारण सोडियमचा उजेड मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपास गोळा झालेला. तेवढा भाग कापला की भागायचं. पांढरा एलईडी तसा नाही. त्याचा निळा सुळका ४५० च्या जवळ, आणि मग हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेली लांबलचक टेकडी. कापायचं तर सगळंच कापावं लागतं. एक बरं आहे की ६५६ ला ती टेकडी बरीच उतरलेली असते, त्यामुळं हायड्रोजनला त्रास कमी. पण तेजोमेघात ऑक्सिजनही चमकतो. त्याची रेषा ५००.७ नॅनोमीटरला आहे आणि तिथं टेकडीची चढण चालू असते. तुमची खरी लढाई ऑक्सिजनशी होणार.

ही ऑक्सिजनची रेषा मोठी मजेशीर आहे. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्सनं १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एका ग्रहीय तेजोमेघाचा वर्णपट पाहिला तेव्हा त्याला इंद्रधनुष्याऐवजी मोजक्या रेषा दिसल्या. त्यातली ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लोकांनी ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पून टाकलं. ते साठ वर्षांहून जास्त टिकलं. १९२७ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेननं दाखवलं की हा आपला नेहमीचाच ऑक्सिजन आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, आणि इतक्या विरळ जागी की अणूला दुसऱ्या अणूची धडक बसण्याआधी निवांतपणे उजेड सोडता येतो. फिल्टरच्या डबीवर ‘ऑक्सिजन-थ्री’ लिहिलेलं असतं ते हेच.

ड्युअल-बँड फिल्टर या दोन्ही रेषा एकाच वेळी सोडतो. हायड्रोजन तांबड्या पिक्सेलवर पडतो, ऑक्सिजन हिरव्या आणि निळ्यावर. रंगीत सेन्सरवर चारांतला एकच पिक्सेल तांबडा असतो, त्यामुळं नुसता हायड्रोजनचा फिल्टर लावला तर बाकीचे तीन पिक्सेल रात्रभर रिकामे बसतात. ड्युअल-बँडनं सगळे कामाला लागतात, म्हणून तुमच्या कॅमेऱ्याला तोच योग्य. मोनो कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेल प्रत्येक रेषा पकडतो हे खरं, पण त्याच्यामागं फिल्टर-व्हील, तीन फिल्टर, लॅपटॉप, गच्चीवर ओढलेली वायर असं लग्नाचं वऱ्हाड येतं. दोन हंगाम ड्युअल-बँड वापरा, मग ठरवा.

सल्फरच्या नादाला सध्या लागू नका. सोनेरी-निळे फोटो बघून सगळ्यांनाच मोह होतो. हबल दुर्बिणीनं १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातल्या खांबांचा जो फोटो काढला, त्यात सल्फर तांबड्यात, हायड्रोजन हिरव्यात आणि ऑक्सिजन निळ्यात टाकला होता, आणि तेव्हापासून ती रंगसंगती रूढ झाली. सल्फरच्या रेषा ६७१.६ आणि ६७३.१ ला, हायड्रोजनच्या शेजारीच. पण रोझेटमध्ये त्या मंद आहेत आणि रंगीत कॅमेऱ्यात त्यासाठी पुन्हा चारांतला एकच पिक्सेल.

किती नॅनोमीटरचा घ्यावा? तुमच्या एफ/६ ला ७ चा पुरे. सीमाभागात राहणाऱ्याला सीमा सरकण्याचं नवल वाटू नये, पण फिल्टरचीही सरकते. किरण तिरपा आला की फिल्टरची खिडकी निळ्याकडं हलते. एफ/६ ला कडेच्या किरणांसाठी हा फरक अर्ध्या-पाऊण नॅनोमीटरचा, तो सहज सामावतो. एफ/२ च्या दुर्बिणीत चार-पाच नॅनोमीटर होतो आणि तिथं ३ नॅनोमीटरचा साधा फिल्टर रेषेलाच बाहेर ठेवतो. हा प्रश्न तुमचा नाही.

तुमचा प्रश्न माउंटचा आहे, आणि तो तुम्ही विचारलेलाच नाही. फिल्टर लावल्यावर दोन मिनिटांच्या फोटोत आकाश इतकं काळं येतं की सेन्सरचा स्वतःचा गोंगाटच वरचढ ठरतो. म्हणून पाच मिनिटांचं एक्सपोजर लागतं. तुमच्या ४८० मिलिमीटर फोकल लांबीला आणि ४.३ मायक्रॉनच्या पिक्सेलला एक पिक्सेल म्हणजे सुमारे १.८५ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा विकला). माउंटचा ध्रुवाकडं रोखलेला अक्ष पाच कला चुकला तरी तारा मिनिटाला १.३ विकला सरकू शकतो, म्हणजे पाच मिनिटांत साडेसहा विकला, साडेतीन पिक्सेल. ताऱ्यांची अंडी होतात. त्यावर माउंटच्या दातेरी चाकाची (वर्मगिअरची) चूक वेगळी. तेव्हा मॉडिफाय करून झालं की पुढचे पैसे ५० मिलिमीटरच्या गाइड दुर्बिणीला आणि छोट्या गाइड कॅमेऱ्याला. पीएचडी-टू हे गाइडिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे. फिल्टर तिसरा.

ध्रुव आपल्याकडं क्षितिजापासून सोळा अंशांवरच असतो, म्हणजे बहुतेक गच्च्यांवरून शेजाऱ्याच्या पाण्याच्या टाकीमागं. माझाही तसाच. नीना या सॉफ्टवेअरमध्ये आकाशाच्या कुठल्याही भागाचे तीन फोटो काढून अक्ष लावता येतो, त्यानं माझी सुटका झाली. दुसरी अडचण कमी अक्षांशाची आहे आणि युरोपात छापलेल्या पुस्तिकांमध्ये ती सापडत नाही. माउंट सोळा अंशांवर लावली की वजनाचा दांडा जवळपास सरळ खाली लोंबतो आणि ट्रायपॉडच्या उत्तरेकडच्या पायावर आपटतो. रोझेट आपल्या माथ्याजवळून, ७९ अंशांवरून मध्यमंडल (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेघ) ओलांडतो. ती ओलांडल्यावर माउंट दुर्बीण दुसऱ्या बाजूला फिरवते, तो फ्लिप. त्या वेळी पहाटे एकदा ‘ठक्’ असा आवाज आला आणि मी जिन्यातून पळत वर गेलो. माउंट बंद पडून किणकिणत होती. दुसऱ्या दिवशी उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो आणि माउंटखाली बसवायला आठ इंची पाइपाचा तुकडा लेथवर फिरवून घेतला. त्या माणसानं ‘हे कुठल्या मशिनचं हो?’ म्हणून विचारलं. चांदण्यांच्या, असं सांगितल्यावर त्यानं मजुरी कमी केली. पाइप नसेल तर ट्रायपॉड असा फिरवा की उत्तरेला एक पाय येण्याऐवजी दोन पायांमधली फट येईल. बऱ्याच माउंटना तशी सोय असते.

फोकसला घाई करू नका. एफ/६ ला फोकसची सहनशीलता जेमतेम एक दशांश मिलिमीटर, आणि दोन मिलिमीटर जाडीचा फिल्टर घातला की फोकसची जागा सुमारे दोन-तृतीयांश मिलिमीटरनं मागं जाते. म्हणजे फिल्टरशिवाय फोकस करून मग फिल्टर बसवला तर रात्र वाया. फिल्टर लावूनच, व्याधावर, बाह्टिनोव्ह जाळी ठेवून करा. पावेल बाह्टिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकानं २००५ मध्ये काढलेली ही साधी युक्ती आहे. पुठ्ठ्यात तिरक्या चिरा, ताऱ्यातून इंग्रजी एक्ससारख्या दोन रेघा निघतात आणि तिसरी मधून जाते. ती बरोबर मधोमध आली की स्क्रू आवळा, आणि आवळताना ती हलते का ते पुन्हा बघा. हलतेच. हिवाळ्यात बेळगावकडं संध्याकाळ ते पहाट तापमान चांगलंच उतरतं, त्यामुळं दर दोन तासांनी परत.

दवाचं सांगतो, कारण त्यानं माझे सर्वात जास्त तास खाल्लेत. एका जानेवारीत मी कॅमेरा सुरू करून खाली जाऊन झोपलो. सकाळी फोटो ओळीनं पाहिले: साडेबारापर्यंत तारे टाचणीएवढे, एकला कापसाएवढे, दीडनंतर नुसतं दूध. दुर्बिणीच्या भिंगावर बोट टेकवलं तर ओघळ आला. तेव्हापासून भिंगाभोवती हीटरचा पट्टा आणि पुढं योगा मॅटची लांब नळी. पावसाळ्यात उलटं संकट येतं, बुरशी. जून ते ऑक्टोबर फिल्टर आणि भिंगं हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. निपाणीला आणखी एक: उसाचं पाचट पेटवलं की दोन रात्री धूर खाली बसतो. त्या रात्री सामान काढूच नका.

आता हंगाम. डिसेंबरच्या शेवटी रोझेट मध्यरात्री माथ्याजवळ येतो, फेब्रुवारीच्या मध्यात रात्री दहाच्या आतच. काक्षीपासून (बीटलज्यूज) प्रश्वाकडं (प्रोसियन) निघालात तर एक-तृतीयांश वाटेवर. तुमच्या चौकटीत अडीच अंशांची रुंदी मावते, तो सव्वा अंशाचा आहे, म्हणजे छान बसतो. चांदण्या रात्री हायड्रोजनसाठी वापरा, चंद्र निदान साठ अंश लांब असला पाहिजे. काळोख्या रात्री ऑक्सिजनसाठी राखा, कारण चंद्राचा विखुरलेला उजेड निळ्या-हिरव्या बाजूलाच जास्त. ड्युअल-बँडमध्ये दोन्ही एकत्रच येतात. तेव्हा फोटो सगळे ठेवा, पण स्टॅक करताना चांदण्या रात्रींतला फक्त तांबडा भाग घ्या. निव्वळ काळोख्या रात्रींचे सहा तास जमेपर्यंत ऑक्सिजनबद्दल मत बनवू नका. रोझेटच्या पोकळ मध्यभागी, त्या तारकागुच्छाभोवती, तो निळसर धुक्यासारखा असतो आणि दोन तासांत दिसतच नाही.

शेजारच्या मावशी अजून विचारतात, ‘रात्रभर वर काय करायलास रे?’ खरं तर काही करत नसतो. पाच मिनिटांचे फोटो आपोआप निघत असतात आणि आपण गच्चीवर चालू नये एवढंच काम असतं, कारण स्लॅब हलतो.

पहिला फोटो स्क्रीनवर आला की घाबरू नका. तांबूस-काळा पडदा, त्यावर मोजके तारे, आणि नीट पाहिलं तर तव्यावर उमटलेल्या भाकरीच्या कडेसारखं एक फिकट कडं. एका फोटोत एवढंच असतं. दर दोन-तीन फोटोंनंतर चौकट काही पिक्सेल इकडंतिकडं सरकवायला सांगा, म्हणजे डीएसएलआरचे पट्टे स्टॅकमध्ये विरतात. डार्क फोटो (झाकण लावून काढलेले, सेन्सरचा गोंगाट वजा करायला) त्याच तापमानाला हवेत. थंड न होणाऱ्या सेन्सरचा गोंगाट दर सहा-एक अंशांना दुप्पट होतो, तेव्हा मार्चच्या उकाड्यातले डार्क जानेवारीच्या फोटोंना लावू नका. फ्लॅट फोटो (एकसारख्या उजेडाचे, कडांचा काळेपणा आणि धुळीचे डाग काढायला) फिल्टर लावूनच घ्या, दुर्बिणीवर पांढरा बनियन ताणून, पहाटेच्या आकाशाकडं तोंड करून.

सिरिल या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे काढायची तयार स्क्रिप्ट आहे. दोन्ही वेगळे ताणा, म्हणजे त्यांतला मंद उजेड उजळवा. हायड्रोजन तांबड्यात, ऑक्सिजन हिरव्या-निळ्यात. एकत्र ताणलंत तर दांडगा हायड्रोजन बिचाऱ्या ऑक्सिजनला गिळतो आणि सगळं डाळिंबासारखं लालच लाल येतं.

आणि ते जुने ४० फोटो पुसू नका. फिल्टरमधून तारे फिकट, एकसारखे येतात, त्यांचे खरे रंग मरतात. स्टारनेट या सॉफ्टवेअरनं नव्या फोटोतले तारे काढून टाका, जुन्या स्टॅकमधले तारे वेगळे करा आणि तेजोमेघावर पेरा. केंद्रातल्या गुच्छात एक तारा पिवळा आहे, बाकीचे निळसर. तुमच्या त्या राखाडी-पांढऱ्या ८० मिनिटांत तो आजही पिवळाच असेल, मोठा करून बघा.